चौथं कडवं

डार्करूमच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण काकूंनी बावीस वर्षांत त्याला कधी वेळ विचारली नव्हती. लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात काटे धड दिसत नसत हे एक, आणि काकूंकडे घड्याळाहून पक्कं माप होतं हे दुसरं. आईकडून आलेलं देवाचं एक गाणं. पाच कडव्यांचं. पहिल्या कडव्यात देवाकडे डोळे मागायचे, दुसऱ्यात हात, तिसऱ्यात पाय, चौथ्यात जीभ आणि पाचव्यात शांत झोप. काकूंच्या लयीत एक कडवं म्हणजे एक मिनिट. फिल्म चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या टाकीत बुडवली की गाणं सुरू, पाच कडवी झाली की बाहेर. पाण्यातून काढून चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरच्या टाकीत सोडली की पुन्हा पहिल्यापासून पाच. मगच दिवा. दारावरून जाणाऱ्याला वाटावं, आत कुणी प्रार्थनेला बसलंय. तसं ते अगदीच खोटं नव्हतं म्हणा.

काम होतं तपासणीचं. शहरात घरोघर गॅस नेणारी लोखंडी नळी जमिनीखालून टाकली जात होती. नळीचे तुकडे वेल्डिंगने एकमेकांना जोडायचे आणि हाडाचा फोटो काढतात तसा प्रत्येक जोडाचा फोटो काढायचा. आत छिद्र राहिलंय का, भेग आहे का, ते बाहेरून दिसत नाही; फिल्मवर दिसतं. जोडाला शिशाचे आकडे चिकटवले की फोटोत त्याचा नंबर उमटतो. काकू फिल्म धुवायच्या, पाकिटात घालायच्या आणि पाकिटावर सही करायच्या: फिल्म स्वच्छ आहे, नंबर वाचता येतो, एवढ्यापुरती. मग ती फिल्म लाईट बॉक्सवर, म्हणजे उजेडाच्या काचेवर, लावून ‘पास’ की ‘नापास’ ठरवायचं काम भाऊजींचं.

भाऊजी म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हजरजबाबी, कामसू, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. काकूंना ही नोकरी लागली ती त्यांच्याच शब्दावर. पुढे ते सुपरवायझर झाले तरी ‘ताई’ म्हणायचं सुटलं नाही, आणि काकूंचंही ‘भाऊजी’ सुटलं नाही.

त्या मंगळवारी फिक्सरच्या टाकीवर तिसरं कडवं संपलं आणि बाहेर फोन वाजला. काकूंच्या यजमानांचा.

“अगं, साखर कुठं आहे?”

“तीस वर्षं जिथं असते तिथंच.”

“तिथं मीठ आहे.”

“मग त्याच्या मागं बघा. डब्याला पाय नसतात.”

हसतच त्या आत आल्या, आपलं गाणं झालं असं धरून चालल्या आणि दिवा लावला. टाकीतली फिल्म डोळ्यांदेखत राखाडी झाली. फोनवर अर्धं मिनिटही गेलं नव्हतं; चौथं आणि पाचवं कडवं राहिलं होतं. जोड नंबर एकशे सतरा गेला. प्रत्येक जोडाच्या दोन फिल्म असतात, एक गॅस कंपनीला द्यायची आणि एक आपल्याकडे ठेवायची. दोन्ही एकाच टाकीत होत्या, दोन्ही गेल्या.

बावीस वर्षांत असं तीनदाच झालं होतं. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओल्या हातानेच त्या भाऊजींच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“भाऊजी, माझ्या हातून घाण झाली. एकशे सतरा गेला.”

भाऊजींनी क्षणभर वर पाहिलं, मग नेहमीसारखे हसले. “अहो ताई, त्यात एवढं काय? परत काढू. जेवण झालं की आणून देतो.”

आणि दिली की. तीन वाजायच्या आत नवी फिल्म काकूंच्या हातात. या वेळी त्यांनी फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला, कडवी बोटांवर मोजली आणि फिल्म अशी धुतली की डाग शोधून सापडू नये. पाकिटावर लिहिलं: जोड ११७, वाचनालय रस्ता. खाली सही. मनात म्हणाल्या, काय समजूतदार माणूस आहे. दुसरा असता तर चार लोकांत पाणउतारा केला असता.

संध्याकाळी त्यांची बस वाचनालयाच्या रस्त्यावरून निघाली. हा रस्ता महिनाभर खणलेला होता तेव्हा बस लांबून वळसा घालायची. आता नवं डांबर काळंभोर चकाकत होतं. मधोमध पांढरा पट्टा, अजून चाकांनी मळलेला नाही. वाचनालयाच्या पायरीवर दोन म्हातारे वर्तमानपत्राच्या एकाच पानासाठी भांडत होते. चांभाराने आपली पेटी नव्या डांबराच्या कडेला आणून मांडली होती. काकू खिडकीतून कौतुकाने बघत होत्या आणि बघता बघता त्या सीटवरून अर्ध्या उठल्या.

रस्ता अखंड होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे टवका नाही, ठिगळ नाही. पट्टा रविवारी रंगवलेला. मग आज दुपारी, जेवणानंतर, या रस्त्याखालच्या एकशे सतरा नंबरच्या जोडाचा फोटो कुणी आणि कुठून काढला?

त्यांचा थांबा आला आणि गेला. पुढच्या थांब्यावर उतरून त्या चालत घरी आल्या.

बुधवारी सकाळी काकू तासभर आधी ऑफिसात पोचल्या. कपाटातून वाचनालय रस्त्याची नऊ पाकिटं काढली, एकशे तेरा ते एकशे एकवीस. लाईट बॉक्सवर एका वेळी एकच फिल्म लावायची पद्धत. लावायची, मिनिटभर बघायची, काढायची, पुढची. काकूंनी नऊच्या नऊ एका ओळीत लावल्या.

आता वेल्डिंग ही हाताची कला. जसं प्रत्येकाचं अक्षर वेगळं, तसा प्रत्येकाचा जोड वेगळा. काकू जोडाला चेहराच म्हणायच्या. एकाच वेल्डरचे दोन जोड भावांसारखे दिसतात, पण सख्खे भाऊही एकाच जागी एकच तीळ घेऊन जन्माला येत नाहीत. इथे नऊ जण आले होते. प्रत्येकाच्या डाव्या अंगाला, वरून बोटभर खाली, धातूची एक बारीक वळी मुरडलेली, पोपटाच्या चोचीसारखी. शिशाचे आकडे तेवढे वेगळे. कुठे सरळ, कुठे किंचित कलते. काकूंनी मागची पाकिटं चाळली. एकशे बारा. चौकातला, अजून उघड्या खड्ड्यात असलेला जोड. लावला. चोच तिथेही होती.

म्हणजे नऊ जोडांचे फोटो कधी निघालेच नव्हते. एकाच भल्या जोडाला नऊदा आकडे बदलून बसवलं होतं, आणि काल काकूंनी एक फिल्म खराब केल्यावर दहाव्यांदा.

नऊ पाकिटांवर नऊ सह्या. काकूंच्या. खाली भाऊजींच्या.

त्यांनी लाईट बॉक्स बंद केला आणि खुर्चीत बसून राहिल्या. त्यांना राग आला नाही, हे त्यांना नंतर आठवून नवल वाटलं. लाजच वाटली आधी. आपण नंबर वाचला, चेहरा पाहिला नाही. पास-नापास बघणं आपलं काम नाही, खरं आहे. पण गेले तीन आठवडे ही चोच आपल्या हाताखालून जात होती आणि एकदा मनात आलंही होतं की हा माणूस किती एकसारखा जोड घालतो. आलं होतं, आणि आपण तो विचार फिक्सरच्या पाण्याबरोबर सोडून दिला होता.

भाऊजी आले. काकूंनी लाईट बॉक्सचं बटण दाबलं.

भाऊजींनी ओळ पाहिली. डबा टेबलावर ठेवला, दार लोटून घेतलं.

“कधी कळलं?”

“काल. बसमधून.”

“बसमधून,” ते म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. “मी रात्रंदिवस डोक्याला ताप करून घेतोय, आणि तुम्हाला बसच्या खिडकीतून कळलं.”

“खरं काय झालं ते सांगा, भाऊजी.”

खरं असं झालं होतं. रस्ता खणणाऱ्यांना घाई होती. एका सोमवारी तपासणीवाले पोचायच्या आतच त्यांनी नऊ जोडांवर माती लोटून वरून रोलर फिरवला. परत खणायचं तर पुन्हा परवानगी, पुन्हा रस्ता बंद, तीन आठवडे सहज. तपासणी कंपनीच्या मालकांनी भाऊजींना आत बोलावलं. ‘तुम्हीच बघा काय ते’ एवढंच म्हणाले. लिहून काही दिलं नाही.

“वेल्डर तोच आहे,” भाऊजी म्हणाले. “त्याच्या हातचा जोड वर्षात एखादा नापास होतो. वर पाण्याचा दाब देऊन नळी तपासली, थेंब गळला नाही. ताई, जोड चांगलेच आहेत हो. फक्त फोटो नाहीत.”

“चांगले असतील.”

“मग?”

“आहेत आणि असतील यात फरक असतो म्हणून तर आपल्याला कामावर ठेवलंय ना? नाहीतर वेल्डरला विचारून सही करायला आपणच कशाला हवे?”

भाऊजी खुर्चीत बसले. एकदम दमल्यासारखे. “शुक्रवारी दहा वाजता गॅस सोडणार आहेत. सगळं ठरलंय. आता तोंड उघडलं तर पहिला मी जातो. माझं सर्टिफिकेट जातं. मग कंपनी. इथं छत्तीस माणसं आहेत. आणि तुमची सही आहे ती वेगळीच.”

“आहे खरी.”

“आपल्याकडचा संच मला द्या. मी बघतो काय करायचं ते.”

“कपाट कंपनीचं आहे, किल्ली तुमच्याकडेही आहे. मी अडवणार नाही आणि हाताने काढूनही देणार नाही.” काकू उठल्या. “भाऊजी, तुम्ही स्वतः गॅस कंपनीच्या साहेबांकडे जा. मी बरोबर येते. दोघं सांगू. तुम्ही सांगितलंत तर चुकलेला माणूस परत आला असं होईल. मी सांगितलं तर पकडला गेला असं होईल. उद्या दुपारी बारापर्यंत वाट बघते.”

“आणि बारानंतर?”

“एकटी जाते.”

भाऊजींनी डोळे चोळले. “तुमच्यासाठी मी शब्द टाकला होता, ताई.”

“ते विसरले असते तर काल संध्याकाळीच गेले असते.”

संध्याकाळी घरी बहीण आधीच येऊन बसली होती. यजमान, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते आणि हवापाण्याच्या गप्पा मारून वेळ निभावत होते. काकूंना बघताच त्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

“आली बघ. आता तुझं तू बोल. मी मध्ये पडत नाही, माझा गुडघा आधीच दुखतोय.”

बहिणीने प्रस्तावना केली नाही. “ताई, तू माझं घर मोडायला निघालीस?”

“कुणी सांगितलं?”

“त्यांनी. दोन घास खाल्ले नाहीत दुपारपासून. भिंतीकडे बघत बसलेत.” बहीण रडली नाही. लहानपणापासून ती भांडताना रडत नसे, हे काकूंना ठाऊक होतं. “लहानपणी मी काच फोडली तेव्हा तू आईला नाव सांगितलं नव्हतंस. म्हणालीस, मला माहीत नाही. आई चुगलीखोरांना जेवायला वाढायची नाही, आठवतं? आणि आता पन्नाशी उलटल्यावर चुगली करणार?”

हे काकूंच्या वर्मी लागलं. कारण दिवसभर हाच शब्द त्यांच्या डोक्यात घोंघावत होता.

“मी त्याच्यावर विचार केला,” त्या सावकाश म्हणाल्या. “चुगली कशाला म्हणायचं? दुसऱ्याचं नाव सांगायचं आणि आपण सुटायचं, त्याला. मी कुठं सुटतेय? त्या पाकिटांवर पहिली सही माझी आहे. मी तिथं जाऊन पहिलं नाव माझं घेणार आहे.”

“त्याने काय होतं? दोघंही बुडाल.”

“काच फुटली होती तेव्हा काच फुटलेली सगळ्यांना दिसत होती गं. नाव तेवढं कळत नव्हतं. इथं उलटं आहे. नाव सगळ्यांचं कागदावर आहे, आणि काच फुटलीय की नाही तेच कुणाला माहीत नाही. त्या रस्त्यावर माणसं राहतात. वर्तमानपत्र वाचतात. चपला शिवतात. त्यांना वाटतं, कुणीतरी बघून घेतलंय. ते कुणीतरी म्हणजे मी.”

“आणि सगळे जोड चांगले निघाले म्हणजे? मग कशासाठी केलंस हे सगळं?”

काकूंनी खांद्यावरची पर्स खुंटीला अडकवली.

“चांगलेच निघोत,” त्या म्हणाल्या. “मी देवाकडे तेच मागते.”

बहीण उठली. दारात चपला घालताना मागे न बघता म्हणाली, “रोज सात वाजता फोन करते तुला मी. उद्यापासून वाट बघू नकोस.”

ती गेल्यावर यजमान बराच वेळ पिशवीतलं पाणी हलवत राहिले.

“तुम्ही काही बोलत नाही?” काकूंनी विचारलं.

“मध्ये पडत नाही म्हणालो ना.” मग थोड्या वेळाने, “एकदा मी बस बाहेर काढायला नकार दिला होता. ब्रेक लागत नव्हता. तीन महिने मला डेपो झाडायला लावला. आठवतं?”

“तेव्हा तुम्ही घरी सांगितलं होतं की पाठीमुळे हलकं काम मागून घेतलंय.”

“हो. लाज वाटायची, झाडू हातात घेऊन उभं राहायची. पण अगं, झोप मस्त लागायची.” त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. “साखर सापडली नाही अजून. आज बिनसाखरेचाच घेतला. एक कप तूही घे, तेवढीच सवय होईल.”

काकू हसल्या. दिवसात पहिल्यांदा.

गुरुवारी सकाळी कपाट उघडलं तर नऊ पाकिटांची जागा रिकामी होती. भाऊजी आले नव्हते. फोन केला, लागला नाही. काकूंनी त्या दिवशीच्या बारा फिल्म धुतल्या, प्रत्येक कडवं पूर्ण म्हटलं, टाक्यांवर झाकणं घातली. बारा वाजले. साडेबारापर्यंत थांबल्या, नात्यातल्या माणसाला अर्धा तास जास्त देण्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. मग ॲप्रन खुंटीला लावला आणि निघाल्या.

गॅस कंपनीचे साहेब चौथ्या मजल्यावर बसत. नाकावर घसरलेला चष्मा, समोर फायलींचा डोंगर, उद्याच्या कार्यक्रमाची धावपळ. काकूंनी सांगितलं ते त्यांनी उभ्या उभ्याच ऐकलं.

“पुरावा काय आणलाय, बाई?”

“काही नाही आणलं. आमच्याकडचा संच होता तो कपाटातून गेला. असता तरी न विचारता आणला नसता. पण पुरावा तुमच्याकडेच आहे, साहेब. दुसरा संच तुम्हाला दिलाय ना. एकशे बारा ते एकशे एकवीस काढा आणि शेजारी शेजारी लावा. एकेक नका बघू.”

साहेबांनी चष्मा वर सरकवला. “त्या मी बघितल्यात. माझी सही झालीय.”

“माझीही झालीय. म्हणून तर आले.”

“तुमचा तिथल्या कुणाशी वाद झालाय का? पगारावरून, बढतीवरून?”

“सुपरवायझर माझ्या बहिणीचे यजमान आहेत. काल सकाळपर्यंत आमच्यात वाद म्हणून नव्हता.”

साहेब खाली बसले. दाराकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. काकूंना त्यांच्या मनातलं अगदी लख्ख दिसलं, कारण काल सकाळी त्यांच्याही मनात तेच होतं. त्या फिल्म कपाटात आहेत तोवर साहेबांना काहीच माहीत नाही. उजेडावर लावल्या की बघावं लागणार. बघितल्यावर न बघितल्यासारखं करता येत नाही.

“उद्या दहा वाजता समारंभ आहे,” साहेब हळूच म्हणाले. “पाहुणे यायचेत. हे तुम्ही पंधरा दिवस आधी सांगितलं असतंत तर.”

“पंधरा दिवस आधी मी बघत नव्हते. ती माझी चूक. तुम्ही लिहून घ्या, मी सही करते. आणखी एका सहीने काय होतंय.”

“मी विचार करतो. तुम्ही जा.”

“तुम्ही लावेपर्यंत बसते, साहेब. मला घाई नाही. मला उभं राहायची सवय आहे, बसायला मिळालं तर चैनच.”

आणि बसल्या. मांडीवर हात ठेवून, पाठ ताठ. साहेबांनी दोन फोन घेतले, एका कागदावर सही केली, पाण्याचा पेला अर्धा प्यायला. काकू मनातल्या मनात गाणं म्हणत होत्या; आज टाकीत फिल्म नव्हती, पण वेळ मोजायची दुसरी रीत त्यांना येत नव्हती. डोळे. हात. पाय. चौथ्या कडव्यावर आल्या आणि त्यांना मंगळवारची आठवण झाली. नेमकं हेच तर त्या दिवशी राहून गेलं होतं. देवाची थट्टा करायची पद्धत मोठी विचित्र आहे, असं मनाशी म्हणून त्यांनी ते कडवं पहिल्यापासून पुन्हा घेतलं.

दुसऱ्यांदा संपत आलं तेव्हा साहेब उठले आणि कपाटाची किल्ली शोधू लागले.

दहा फिल्म एका ओळीत लागल्या. काकू जागच्या उठल्या नाहीत, बोट दाखवलं नाही. साहेब डावीकडून उजवीकडे गेले, परत आले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दुसऱ्या फिल्मवरच्या चोचीवर पेन्सिलीचं टोक ठेवलं, तिसऱ्या, चौथ्या.

“अरे देवा,” ते म्हणाले. शिवी दिल्यासारखं नाही, हाक मारल्यासारखं.

फोन उचलला. “उद्याचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही. हो, माझ्या जबाबदारीवर. कारण लेखी देतो.” समोरचा बराच वेळ काही बोलत होता. साहेब ऐकत होते आणि दहा फिल्मकडे बघत होते. “पाहुण्यांना चहा पाजा,” शेवटी म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी काकूंच्या हातात नोकरी गेल्याची चिठ्ठी पडली. कारण लिहिलं होतं: निष्काळजीपणामुळे जोड क्रमांक एकशे सतराची फिल्म खराब केली. यजमानांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि खवळले.

“सरळ खोटं लिहायला यांना काही वाटत नाही?”

“अहो, यातलं तेवढंच खरं आहे,” काकू म्हणाल्या. “तुमच्या साखरेपायी.”

रस्ता पुन्हा खणायला अठरा दिवस लागले. चांभाराने पेटी उचलून पलीकडे नेली, म्हाताऱ्यांनी खड्ड्याच्या कडेने जाताना गॅस कंपनीच्या सात पिढ्या उद्धारल्या. हे कुणामुळे झालं ते कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंची बस पुन्हा लांबून वळसा घालू लागली. सात वाजता फोन वाजत नव्हता. पहिले काही दिवस काकू सातला स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजवत असत, म्हणजे शांतता ऐकू येऊ नये. मग तेही सोडलं.

साहेबांनी नऊ जोडांच्या खऱ्या फिल्म गॅस कंपनीच्या स्वतःच्या डार्करूममध्ये धुवायचं ठरवलं आणि काकूंना निरोप धाडला. नोकरी नाही, एका दिवसाचं काम. काकू गेल्या. आत पाऊल टाकतात तो लाल दिव्याखाली एक माणूस आधीच उभा. भाऊजी. गाल बसलेले, दाढी वाढलेली. त्यांचं सर्टिफिकेट रोखलं होतं, चौकशी चालू होती. पण खड्ड्यात उतरून आकडे लावायला आणि आणलेली फिल्म कुठल्या जोडाची हे सांगायला त्यांनी स्वतःहून नाव दिलं होतं.

“मालक म्हणतात, त्यांना काहीच माहीत नव्हतं,” भाऊजी म्हणाले.

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काय झालं ते. तुम्ही सांगून टाकलंत तसंच. पाकिटंही परत केली.” थोडं थांबून, “उशिरा.”

काकूंनी टाकीचं झाकण काढलं. “फिल्म द्या.”

एकेक फिल्म पाण्यातून वर येत गेली. एकशे तेरा. स्वच्छ. एकशे चौदा, पंधरा, सोळा. खरा एकशे सतरा, ज्याच्यापायी एवढं रामायण, तोही स्वच्छ. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, चोच कुठेच नाही. आठ झाल्या तेव्हा भाऊजींच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना काकूंना अंधारातही जाणवलं. त्यांच्या स्वतःच्या मनात मात्र बहिणीचा प्रश्न उभा होता. चांगले निघाले म्हणजे? मग कशासाठी?

शेवटची, एकशे एकवीस. डेव्हलपरमध्ये पाच कडवी. पाणी. फिक्सर. काकूंनी पुन्हा पहिलं धरलं. लाल उजेडात फिल्मवर काहीतरी गडद दिसू लागलं, केसासारखं.

“ताई,” भाऊजींनी हात दिव्याच्या बटणाकडे नेला. “दिवा लावू?”

“थांबा.”

“दिसतंय काहीतरी. सावली असेल. नुसतं बघून—”

“चौथं चाललंय, भाऊजी. पाचवं आहे अजून. यात घाई करून एकदा मी बघितलंय.”

भाऊजी थांबले. काकू गात राहिल्या, ना जलद ना सावकाश, आणि त्यांच्या लक्षात आलं की शेजारून कुणीतरी अगदी खालच्या आवाजात साथ देतंय. शब्द चुकत होते. त्यांनी दुरुस्त केले नाहीत. बहिणीने कधीतरी मुलांना झोपवताना म्हटलं असणार, तेच कानावर पडून राहिलेलं.

पाचवं संपलं. काकूंनीच दिवा लावला.

जोडाच्या तळाशी, तीन बोटं लांब, सरळ काळी रेघ. सावली नव्हती. धातू धातूला चिकटलाच नव्हता. पाण्याच्या दाबाला ती नुसती अंग चोरून बसली होती. गॅसच्या नळीत वर्षभर, दोन वर्षं रोजची थरथर खाल्ल्यावर काय झालं असतं ते दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

भाऊजी त्या रेघेवर वाकले. मग टेबलावरचा कागद ओढला. त्यांच्या सहीला आता किंमत नव्हती, तरी त्यांनी लिहिलं: एकशे एकवीस, तळाशी भेग, नापास. खाली सही केली. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

कागद काकूंकडे सरकवला. काकूंनी नंबर वाचला. मग फिल्म पुन्हा उजेडावर धरली आणि चेहरा नीट पाहून घेतला. त्यानंतर पाकिटावर सही केली.

“तुमची बहीण खाली उभी आहे,” भाऊजी म्हणाले. “वर यायचं नाही म्हणते.”

काकूंनी हात पुसले, टाकीवर झाकण घातलं. “तिला म्हणावं, मी ही फिल्म वाळायला टांगते. वाळायला अर्धा तास लागतो. तोवर मी इथंच आहे.”